आज ताटं विसळली नाहीत

साडेबाराचा भोंगा झाला आणि शांती मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. पावणे गावच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचे तीनशे कामगार आता कँटीनमध्ये येणार, ताटं उचलणार. आणि आज त्या ताटांना पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता.

सोमवारी बिनपाण्याचं मशीन आलं होतं. एका बाजूने उष्टी ताटं सरकवायची, आत बारीक दाण्यांचा मारा आणि गरम हवेचा झोत, दुसऱ्या बाजूने ताटं बाहेर. पाच दिवस वापरून बघायचं, पसंत पडलं तर ठेवायचं. ताटं सरकवायला वाढपी पुरेसे होते. मशीन राहिलं तर भांडी घासणारी शांती जाणार, हे कँटीनच्या मांजरालाही कळत होतं. आणि तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

पण बाई पडली सरळ. चार दिवस ती मशीनमधून निघालेली ताटं गुपचूप मोरीत नेऊन विसळत होती, घाईत न पुसताच परत ठेवत होती. आचारी दादूने पाहिलं तेव्हा म्हणाली, "पान्याबिगर ताट खरकटाच रं. त्यान मानसांना कसा वाढायचा?"

काल बसस्टॉपवर तिच्या एकदम ध्यानात आलं. आपण ताटं विसळतोय, म्हणून तर मशीन पास होतंय! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! म्हणून आज तिने एकही ताट विसळलं नाही. एकदा तक्रार होऊ दे, मग बघू मशीनची ऐट.

आणि आता तिलाच घोर लागला होता. कोणाला उलट्या झाल्या तर? कोणी दवाखान्यात गेला तर? मोरीच्या दारातून ती एकेकाचं तोंड न्याहाळत राहिली. एका दांडग्या कामगाराने ताट उजेडात धरलं, नाकाशी नेलं. शांतीने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो दुसऱ्यांदा भात मागत होता.

पंगती उठल्या. एकही तक्रार आली नाही. मग मॅनेजर अश्विन तडक मोरीकडेच आला.

"मावशी, आज ताटांना काय केलं तुम्ही?"

तिने घाईने पदराला हात पुसले. "काय नाय सायेब. आईशपत, आज हातपन नाय लावला."

"तुम्हाला नाही बोलत ओ, घाबरता काय!" अश्विन हसला. "चार दिवस ताटांवर पाण्याचे पांढरे डाग. सगळ्यांच्या कंप्लेंटी. बिनपाण्याच्या मशीनमध्ये पाणी येतंय कुठनं, काय कळेना. परत पाठवायला टेम्पोपण बोलावला होता मी. आज बघा, एकदम चकाचक!"

शांतीने मोरीतल्या नळाकडे पाहिलं.

"टेम्पो आत्ताच कॅन्सल केला," तो म्हणाला.