पालथ्या माणसाची तपासणी

साहेब, तुम्ही माणूस बघितलाच नाहीत. कागद बघितलात, शिक्का बघितलात आणि एका घराचं वाटोळं करून मोकळे झालात. त्या घरात काय चाललं होतं, ते आता तरी ऐका.

तो दहा दिवस पालथा होता. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पडदा जागेवर बसवला, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, "तासातली पन्नास मिनिटं तोंड खाली. बुडबुडाच पडदा दाबून धरील. पडदा पुन्हा सुटला तर माझ्या हातात काही नाही."

आईने जुन्या उशीतला कापूस उपसून मधोमध भोक पाडलं. त्या भोकात तोंड घालून तो पडायचा. जग म्हणजे खालच्या चार फरश्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. चहासुद्धा खालून, नळीने.

"डासासारखा पितोस मेल्या," आई म्हणायची.

"हसवू नकोस. डोळ्यात कळ येते."

हसण्यासारखं काही नव्हतंच. दोन आठवड्यांपूर्वी त्या डोळ्यात कोपऱ्यातून काळी सावली चढायला लागली होती. दोन दिवसांत ऑपरेशन, नाहीतर डोळा गेला, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी घरात पाच मिनिटांत काय ते ठरलं. ऑपरेशन कारखान्याच्या मोफत उपचाराच्या कार्डावर झालं, रजेचा अर्ज गेला. त्यानंतर त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही.

घर क्रेनवर चालत होतं. ओतकामाच्या कारखान्यातली, छताखाली फिरणारी क्रेन. चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या लोखंडाची बादली खालच्या माणसांच्या डोक्यांवरून न्यायची. चौदा वर्षांत एक थेंब सांडला नव्हता. क्रेन गेली की घर गेलं, हे त्या पालथ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यापेक्षा जास्त डाचत होतं.

त्याचा भाऊ सकाळी गोदामात जायचा. तिथे खाडा चालत नाही, एक दिवस चुकला की जागेवर दुसरा उभा. दिवसभर पोती उचलून भाऊ संध्याकाळी यायचा, तो भिंतीला धरूनच.

"कंबर मोडली गं आई."

"सवय नाही ना. थांब, शेकून देते."

"भाऊ," तो उशीतून म्हणायचा, "माझ्यापायी तुझे हाल..."

"तू गप पड. तोंड खाली."

सहाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. भाऊ बुटाची नाडी बांधत होता. तो तसाच उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. डबासुद्धा राहिला. पुढच्या दाराने काळे, चकचकीत बूट आत आले.

"कारखान्यातून आलोय," बूट म्हणाले. "रजेवरचा माणूस खरंच आजारी आहे का, एवढंच बघायचंय."

"बघा की. पडलाय समोर," आई म्हणाली.

"क्रेनवर किती वर्षं झाली?"

"चौदा," आईनेच सांगितलं.

"त्यांना बोलू द्या ना."

"बोललं की मान हलते. मान हलून पडदा सुटला, तर तुम्ही चिकटवणार का?"

"निदान तोंड तरी जरा वर..."

"डॉक्टरांकडून तसं लिहून आणा. मी स्वतः वर करते."

बूट घुटमळले. मग उशीखाली एक कागद सरकला, वर पेन. त्याने पडल्या पडल्या सही केली.

"अहो, ही कारखान्यातल्या सहीशी जुळत नाही."

"तुम्ही पालथं पडून करून दाखवा. उशी देते."

बूट हसले. चहा प्यायले आणि गेले. दार लागल्यावर आई त्याच्या शेजारी मटकन बसली.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला. पडदा बसला होता. बुडबुडा अजून नजरेच्या तळाशी डुचमळत होता, पण त्याच्या वरून त्याला तक्त्यावरची मोठी अक्षरं वाचता आली. घरी येऊन त्याने दहा दिवसांत पहिल्यांदा आईचं तोंड नीट बघितलं. ती म्हातारी झाली होती.

"सोमवारपासून क्रेन," भाऊ म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला.

शनिवारी पत्र आलं. बारीक अक्षर वाचायला त्याला अजून मनाई होती, आईला वाचता येत नव्हतं. भाऊने उभ्यानेच वाचलं:

'आपल्या नेत्रशस्त्रक्रियेची नोंद पाहता आपण उंचीवरील कामास कायमचे अपात्र ठरत आहात. क्रेनवर चढू नये. आपणांस देण्याजोगे दुसरे काम कारखान्यात उपलब्ध नाही.'

तो खाटेवर बसला होता. आता मान वर करायला परवानगी होती, पण ती वर होईना.

"लिही त्यांना," आई म्हणाली. "डोळा बरा झाला म्हणून लिही."

"तसं लिहून भागणार नाही," भाऊ म्हणाला. त्याने कागद घेतला, खाली बसला आणि एका दमात लिहिलं:

'साहेब, चौदा वर्षं तुमची क्रेन चालवणारा मी. माझे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत, त्यांना कधी काही झालंच नव्हतं. गोदामात हमाली करणारा माझा धाकटा भाऊ तुमच्या कार्डात बसत नव्हता, म्हणून तो माझ्या नावावर पालथा पडला आणि त्याच्या जागी मी पोती उचलली. आता सोमवारी मी तुमच्या दारात चोर म्हणून येऊ की आंधळा म्हणून? उत्तर द्या.'