नापास स्टूल

सुतारकाम शिकवणारे सर परीक्षेत नापास झालेलं एक स्टूल हौसेने घरी घेऊन आले. एकदा बूड टेकलं की उठायचं नाव न घेणाऱ्या मेहुण्याला ते आग्रहाने त्याच्यावरच बसवायचे. स्टूल इतकं डुगडुगायचं, की चहा संपायच्या आत मेहुण्याला काहीतरी काम आठवायचं.

"कुठलंच स्टूल वाया जात नाही," सर बायकोला सांगायचे, "त्याला फक्त योग्य माणूस भेटावा लागतो."

सोमवारी 'वर्कशॉपला चांगलं लाकूड द्या' हे नेहमीचं चऱ्हाट लावायला सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"या सर, बसा. तुमच्याच मुलांनी केलेलं स्टूल खास तुमच्यासाठी मागवून घेतलंय."



सरांनी बूड टेकलं, आणि त्यांनाही काहीतरी काम आठवलं.