फुली

आफरीननं कॉम्प्युटरवरची काळी खिडकी कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून बंद केली. समोरची पत्रा दाबायची प्रेस वर थांबलेली होती. क्षणभर तशीच राहिली, आणि धाडकन पत्र्यावर आली.

"या अल्ला!" आफरीन म्हणाली.

प्रेस चालवणारा प्रोग्राम तिचाच. बंद करायला तिनं कीबोर्डवरचं एक बटण ठरवून दिलं होतं. ते दाबलं की प्रोग्राम आधी प्रेस थांबवायचा, मग स्वतः मिटायचा. फुलीचा विचारच केला नव्हता. आता सांगा, खिडकी बंद करायची म्हटल्यावर फुली सोडून कोण काय दाबतं? या प्रेसवर काम करणाऱ्या कडुबानंही परवा तेच केलं. खिडकी मिटली, प्रेस वर होती, म्हणून अडकलेला पत्रा काढायला त्यानं हात घातला. मनगटापासून हात गेला.

मालक अप्पाराव मागंच उभे होते. "तपासणीचे साहेब जेवून येतेत. त्याच्या आत दुरुस्त होतंय का?"

"होतंय."

"मग कर. आन आज केलंय म्हणून कुठं बोलू नको. मशिनीची चूक निघाली तर कारखान्याला टाळं लागंल आन गुन्हा तुझ्यावर बी होईल."

"आणि कडुबाचं?"

"त्याचं बघू नंतर."

काम कितीसं? खिडकी मिटताना प्रोग्रामला दोन-चार सेकंद मिळतात, तेवढ्यात प्रेस थांबवायची. पंधरा-वीस ओळी. दिवाळीआधी प्रोग्राम केला तेव्हाच लिहिल्या असत्या तर कडुबा आज घाटी दवाखान्यात पडून नसता. तिनं त्या लिहून टाकल्या. चूक एकही झाली नाही.

साहेब आले. मालकांनी गाडी पाठवून कडुबाच्या बायकोलाही आणवलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे म्हणून. रत्नमाला दाराशीच उभी राहिली.

साहेबांनी फुली दाबली. खिडकी मिटली. सगळे प्रेसकडं बघत राहिले. ती हलली नाही.

"बघा साहेब," अप्पाराव म्हणाले. "थांबतीया. त्या कडुबानंच चालू मशिनीत हात घातला."

साहेब आफरीनकडं वळले. "पहिल्यापासून असंच आहे?"

आफरीननं दाराकडं पाहिलं. रत्नमाला तिच्याकडंच बघत होती.

"हो," आफरीन म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. मालक त्यांना चहाला घेऊन गेले.

रत्नमाला मशिनीजवळ आली. "ह्ये तर शपथा घेत व्हते. म्या बंद केली व्हती म्हणत व्हते." तिनं पदर तोंडाला लावला. "मंग खोटंच म्हणायचं."

आफरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रत्नमालानं तिच्यापुढं हात जोडले. "मॅडम, राग धरू नगा. तुमच्या मशिनीला आमी लई शिव्या दिल्या."

"असू द्या," आफरीन म्हणाली.