थोरल्याची फेरी

माझ्या नातीचं, प्रतिक्षाचं, बारसं झालं ते २०२२ साल. त्याच वर्षी मार्चात माझा धाकटा भाऊ त्रिंबक याची जीप तयार झाली.

पुढची चाकं धरणारे आर्म, चाकं वळवणारे स्टेअरिंगचे रॉड, सगळं त्यानं चिंचोळीच्या शेडमध्ये स्वतः घडवलं. वेल्डिंग मी शिकवलं होतं. लोक मात्र त्याचं काम बघायला यायचे. माझा जीव जळायचा.

चाचणीच्या सकाळी मला दिसलं, रॉडच्या नटात पिन घालायची राहिली होती. पिन नसली की नट सुटतो आणि चाकं स्टेअरिंगचं ऐकत नाहीत. मी बोललो नाही.

तेवढ्यात जॅकवर उचललेली पुढची दोन्ही चाकं माझ्याकडं वळली. मी पलीकडं गेलो, तर तिकडं वळली. स्टेअरिंग जागचं हललं नव्हतं.

त्रिंबकचं लक्ष नव्हतं. त्यानं जॅक काढला, नारळ फोडला.

"दादा, पयली फेरी थोरल्याची. बसा की."

"गाडी तुजी हाय. तूच बस."

"का ओ, भ्या वाटतंय व्हय?" हसत हसत तो बसला.

मी फाटकाच्या दगडी खांबाला टेकून उभा राहिलो. त्यानं वेगात जीप काढली, स्टेअरिंग रस्त्याकडं फिरवलं. चाकं माझ्याकडं वळली.

मी उडी मारून बाजूला झालो. जीप खांबावर आदळली.

त्रिंबक नऊ मार्च २०२२ रोजी, सकाळी दहा वाजता वारला.