आवाज चालू

आईच्या उशाशी लावलेला पंप आपल्याच कंपनीचा आहे हे पाहून तिला आधी बरंच वाटलं होतं. आईचा रक्तदाब टिकवून धरणारं औषध त्यातून थेंबथेंब शिरेत जात होतं. नळी अडली की पंपाने बोंब मारायची, आणि ती बोंब तिच्याच टीमने तपासलेली होती.

ऑफिसात तपासणीला खरा पंप नसायचा. कॉम्प्युटरच्या आतच एक व्हर्च्युअल पंप उभा करायचा आणि सुरू करताना त्याच्या फर्मवेअरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमला, एका ओळीत बजावायचं: आवाज बंद. नाहीतर दिवसभर त्याच्या कोकलण्याने डोकं उठायचं.

रजेवर असली तरी तिचा जीव कामात होताच. तिने टीममधल्या बुवाला फोन लावला.

"आज तपासणी तू चालव. आणि ती ओळ विसरू नकोस, नाहीतर सगळे माझ्या नावाने खडे फोडतील."

"कुठल्या जमान्यात आहेस?" बुवा हसला. "रोज टाइप करून कंटाळलो. आता फर्मवेअर मुळातच गप्प असतं. आवाज हवा असेल तरच लिहायचं, आवाज चालू."

"हे बाहेर, हॉस्पिटलांतल्या पंपांत गेलं?"

"मागच्याच आवृत्तीत. का गं?"

तिने आईच्या पंपाकडे पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच आवृत्तीचा आकडा होता.

"बुवा, खऱ्या पंपाला ती ओळ कोण लिहून देणार?"



तिने फोन खाली ठेवला. आई झोपली होती. तिने नळी चिमटून धरली आणि वाट पाहिली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: नळी अडली आहे.

"ओरड ना मेल्या," ती पुटपुटली.

पंप गप्प होता. तिने नळी सोडली. ती सिस्टरच्या टेबलाकडे धावली. वॉर्डात प्रत्येक खाटेशी तसाच पंप होता.

"सिस्टर, हे पंप..."

"छान आहेत ना, ताई?" सिस्टर औषधं लावता लावता मान वर करून हसली. "जुने नुसते कोकलायचे. हे आल्यापासून वॉर्ड कसा शांत झालाय बघा."

सिस्टरच्या खांद्यामागे, कोपऱ्यातल्या खाटेशी, पंपाच्या पडद्यावर लाल अक्षरं पेटलेली होती.