धूर तर निघतोय

"संपला," ताई खिडकीतून म्हणाली.

खिडकीपाशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. बेकरीच्या समोरच त्याचं शिवणकामाचं दुकान. मशीनवर बसल्या बसल्या त्यानं सकाळपासून तिच्या धुराड्यातून धूर निघताना पाहिला होता. पाव मात्र एकही बाहेर पडताना दिसला नव्हता.

"अगं, भट्टी तर पेटलीय."

"पेटलीय. पाव संपला."

"कुणी नेला?"

ताईनं खिडकी लावून घेतली.

मागे उभी असलेली दूधवाली हसली. "शिंपीदादा, सख्ख्या भावाची ही गत, मग आम्ही कोणत्या झाडाचा पाला!"

"असता तर दिला असता तिनं," म्हातारा पोस्टमन म्हणाला. "तिच्याबद्दल वेडंवाकडं मनातसुद्धा आणू नका."

रांगेनं माना डोलावल्या. पोटात कावळे ओरडत होते, तरी ताईविरुद्ध ब्र काढायला कुणी तयार नव्हतं. शिंप्याला त्याचाच जास्त राग आला.

*

त्याआधीचं थोडं.

सरकारनं पावाचा दर निम्म्यावर आणला. रेडिओवर बातमी लागली तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. शिंप्यानंही.

लोक पिशव्या भरभरून पाव नेऊ लागले. मग पाव दुपारीच संपायला लागला. मग सकाळीच. मग कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं भट्टी विझवली. भट्टी स्वतःहून विझवायची नाही, असा नवा कायदा आला होता. त्याचं घर जप्त झालं.

पाव इतका स्वस्त कधीच नव्हता. फक्त मिळत नव्हता.

गल्लीत ताईची भट्टी तेवढी उरली.

*

"दिला का वन्संनी?" बायकोनं अंथरुणातून विचारलं.

ती नुकतीच तापातून उठली होती. दुधात बुडवलेला पाव सोडून तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. दुसरं काही दिलं की उलटी. मनगटं सुतळीसारखी झाली होती.

"संपला म्हणाली."

"बरं. उद्या देतील."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

*

संध्याकाळी तो मागच्या दारानं ताईकडे गेला.

"एक दे. मला नको, तिला."

"नाहीये रे."

"रोज भट्टी पेटते आणि पाव नाही? लहान आहे का मी?"

"पीठ नाही."

"मग धूर कसला निघतो? माझ्या शर्टांना वास येतो त्या धुराचा. गिऱ्हाईकं नाकं मुरडतात." मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "चढ्या भावानं कुणाला विकतेस?"

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. शिंपी कापड कापण्याआधी पाहतो तसं.

"तुला तसं वाटत असेल, धाकट्या," ती म्हणाली, "तर तुझ्या मनाला पटेल ते कर."

*

कचेरीत त्यानं सांगितलं ते: भट्टी रोज पेटते. पाव कुणाला मिळत नाही. माल मागच्या दारानं जातो.

कचेरीत त्यानं सांगितलं नाही ते: मागच्या दारानं काही जाताना मी पाहिलेलं नाही. आई गेली तेव्हा मला या बाईनं मांडीवर घेऊन भरवलं.

कारकुनानं विचारलं ते: "तुमची कोण लागते?"

त्यावर त्यानं सांगितलं ते: "कुणी नाही."

परत येताना त्यानं गल्लीत मान वर केली नाही. पोस्टमननं हाक मारली, त्याला ओ दिली नाही.

*

तपासनीस आला तेव्हा सगळी रांग त्याच्यामागोमाग बेकरीत घुसली. शिंपीही. नाही गेलो तर उठून दिसेल, म्हणून.

तपासनिसानं भट्टीचं दार उघडलं. आत लाकडं धडधडत होती. बाकी काही नाही. कणीक मळायची परात कोरडी ठाक. पिठाची पिंपं पालथी. मांडण्यांवर कोळ्याची जाळी.

"बाई, हे काय?"

"पिठाला दर नाही साहेब, गिरणीवाला मागेल तो भाव. दर फक्त पावाला. जितके पाव जास्त भाजायचे तितकं जास्त बुडायचं. होतं तेवढं पीठ संपलं, नवं आणायची ऐपत नाही."

"मग भट्टी का पेटवता?"

"विझवली तर घर न्याल ना."

दूधवालीनं पदर तोंडाला लावला. पोस्टमन तपासनिसाच्या अंगावर गेला, "हिच्यावर तक्रार करणाऱ्याला काही जनाची नाही तर मनाची?"

शिंप्यानं भिंतीकडे पाहिलं.

"तक्रार आलीय, आता माझा नाइलाज आहे," तपासनीस म्हणाला. "रिकामी भट्टी पेटवून लोकांना रांगेत उभं करणं ही फसवणूक. भट्टीला सील. यापुढे इथं पाव भाजायचा नाही. तुम्ही स्वतःहून बंद केली नाही, म्हणून जप्ती नाही. घर वाचलं, एवढंच समजा."

"बरं साहेब," ताई खालमानेनं म्हणाली.

लाखेचं सील लागलं. बायका ताईच्या गळ्यात पडून रडल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

शिंपी दाराशीच उभा राहिला.

"ताई. तक्रार मी केली."

"माहितीय."

"जोड्यानं मार मला. गल्लीला बोलावून सांग."

"कशाला?" ताईनं हात धुतले, पदराला पुसले, आणि दर उतरल्यापासून पहिल्यांदाच ती पाटावर ऐसपैस बसली. "दुसऱ्या कुणी तक्रार केल्याशिवाय सील लागत नाही. त्यासाठीच तर इतके दिवस लाकडं जाळली. पण गल्लीतलं एक माणूस माझ्याविरुद्ध तोंड उघडेना रे. मी तर घाबरूनच गेले होते. मग म्हटलं, आपला धाकटा आहे ना."