खिडकीकडची जागा

भाड्याची जीप दारात येऊन उभी राहिली, तरी दमणला गेल्यावर आधी काय बघायचं ते ठरेना.

"आधी किल्ला," अण्णाराव म्हणाला. "पोर्तुगीजांचा हाय. मग दीपस्तंभ, मग समुद्र." लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत त्याला कारकुनी लागली, तेव्हापासून तो घरातसुद्धा हुकूम सोडल्यासारखा बोलायचा. त्याचा मेहुणा वापीला कारखान्यात होता आणि वापीहून दमण हाकेवर. रात्रभर गाडी चालवायची, मेहुण्याकडं मुक्काम टाकायचा, दमण बघायचं आणि माघारी, असा बेत होता.

"आधी समुद्र," त्याची आई पार्वतीबाई म्हणाली. साठी उलटली होती, पण घरात अजून तिचा शब्द खाली पडत नव्हता. "किल्ला काय बघायचा? औशाला दगडं, उदगीरला दगडं. मला पाणी बघायचंय. आन मी पुढं बसणार, खिडकीकडं. मागं मला मळमळतंय."

"बरं. गाडी मी चालवतो. मागं माझी बायकू, लेकरं आन ज्ञानोबा. झाली जीप."

"आन म्या?"

धाकटी सून सिंधु उंबऱ्यात उभी होती. ठेवणीतली साडी नेसून, वेणीफणी करून. तिचा नवरा ज्ञानोबा जीपच्या चाकाकडं बघत बसला. आजच ते खोलून पुन्हा बसवायचं असावं, असं बघत होता.

"तुला कसं येता येईल?" पार्वतीबाई म्हणाली. "उद्या टँकर हाय. पाण्याला कोण थांबणार?"

"उन्हाळाभर म्याच थांबले."

"म्हणूनच म्हणते. तुला सवय हाय."

"म्या समुद्र बघितला न्हाई, आत्याबाई."

"मी तरी कुठं बघितलाय? मसणात जायच्या वक्ताला ही गाडी दारात आली. तुझा सगळा जलम पडलाय अजून."

पार्वतीबाईला सुनेचा राग आला. पोरीचं बोलणं खरं होतं, म्हणून जरा जास्तच आला. पौषातच गावची विहीर आटली होती. टँकर आला की अख्खं गाव तुटून पडायचं, म्हणून बाया आदल्या संध्याकाळीच पाराजवळ घागरी ओळीनं लावून ठेवायच्या. माणूस नसलं तरी घागर जागा धरायची. ओळखू यावी म्हणून जिच्या तिच्या घागरीच्या गळ्याला निराळ्या रंगाची चिंधी. सिंधुची निळी. पार्वतीबाईची हिरवी, पण ती घागर उन्हाळाभर फडताळावर कोरडीच बसून होती.

होळीच्या सुमाराला समोरच्या सरजाबाईनं आपल्याच जावेची घागर उचलून मागं ठेवली आणि स्वतःची पुढं सरकवली. तेव्हा पदर खोचून गाव गोळा केलं ते पार्वतीबाईनंच. घरची असो का दारची, ज्याची घागर त्यानंच उचलायची. दुसऱ्यानं हात लावला तर त्याच्या घराचा नंबर बाद. असा कायदा तिनं पारावर सगळ्यांकडून कबूल करून घेतला. पुढं रॉकेलच्या रांगेला, गिरणीला, सगळीकडं तोच लागू झाला. त्या दिवशी सरजाबाईच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही. पार्वतीबाईला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नव्हतं.

सिंधु आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग परसदाराची कडी वाजली.

"करू दे आदळआपट," पार्वतीबाई म्हणाली. "घटकाभरानं गप हुतीय."

मग घरात बसून दशम्या किती घ्यायच्या, लोणचं कशात बांधायचं, यावर बोलणी झाली. समुद्राचं पाणी पिता येतं का, असं ज्ञानोबानं मध्येच विचारलं. "येत असतं तर आपण टँकरची वाट बघत बसलो असतो व्हय?" अण्णाराव म्हणाला आणि सगळे हसले. दिवस कलला. जीप बघायला गल्लीतल्या बाया दारोदार उभ्या होत्या. थोरली सून, लेकरं आणि ज्ञानोबा मागं चढून बसले. पार्वतीबाई गाठोडं काखेत मारून निघाली, तिनं पुढचा दरवाजा उघडला आणि तिथंच थांबली.

खिडकीकडच्या जागेवर घागर होती. गळ्याला निळी चिंधी.

"काढ ती," ती अण्णारावला म्हणाली.

अण्णारावनं हात घातला.

"हात लावू नका, अण्णाराव," समोरच्या उंबऱ्यातून सरजाबाई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "उद्याचा नंबर बाद हुईल."

"आमच्या घरची घागर हाय ती," पार्वतीबाई म्हणाली.

"माझ्या बी घरचीच हुती."

गल्लीतलं कुणी हललं नाही. अण्णारावनं हात मागं घेतला आणि खिशातला रुमाल काढून उगाच तोंड पुसलं. पार्वतीबाईनं एकेका बाईच्या तोंडाकडं बघितलं. आज आपण ही घागर उचलली, तर पाऊस पडेपर्यंत आपली घागर जागेवर राहायची नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कायदा तिचाच होता.

पाराच्या बाजूनं सिंधु आली. सासूच्या अंगावरून पुढं होऊन तिनं आपली घागर उचलली, जागेवर बसली आणि घागर मांडीवर घेतली.

"ज्ञानोबा, उतर खाली," पार्वतीबाई म्हणाली. "मी मागं बसते. तू थांब पाण्याला."

"बायांच्या रांगेत म्या?" ज्ञानोबा म्हणाला आणि लेकरांच्या आड सरकला.

"मग उद्या पाण्याला कोण?" पार्वतीबाईचा आवाज चिरकला.

सिंधु समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती.

"तुमची घागर लावून आले, आत्याबाई," ती म्हणाली. "पहिलाच नंबर हाय."